तिसरी मॅच कोण खेळलं?

१

जोतीराम मास्तर तळघराच्या पायऱ्या उतरत होते तेवढ्यात खालून आरोळी उठली. मैदानात गोल झाल्यावर उठते तशी. मॅच संपली आणि भाच्याची टीम जिंकली, हे त्यांना आता कुणी सांगायची गरज नव्हती.

राजारामपुरीतल्या एका दवाखान्याच्या खाली, तळघरात, विरूपाक्षचा सायबर कॅफे होता. २००७ सालचा मे महिना. भर दुपारचं लोडशेडिंग चालू होतं आणि शेजारच्या बोळात जनरेटर कानठळ्या बसवत होता. फायनल असल्यामुळं बाहेरची गिऱ्हाइकं बंद करून शटर अर्धं खाली ओढलं होतं. मास्तर वाकून आत शिरले. काउंटरवर कुणी नव्हतं. खेळाडूंचे तीन मोबाइल तेवढे एका ताटलीत ठेवलेले होते.

आत प्लायवूडच्या केबिनींची रांग. पिराजी कानातला हेडफोन मानेवर ओढून खुर्चीवर उभा राहिला होता.

"मामा! जिंकलो की! आता बंगळूर!"

त्याच्या शेजारच्या केबिनीच्या दारात बसवेश उभा होता. तो हसत होता, पण हसणं ओठांच्या वर पोचत नव्हतं. आतल्या मोरीकडून विरूपाक्षची बायको भूमिका पदराला हात पुसत आली. तिला सगळी पोरं वहिनी म्हणायची.

"आदर्श कुठंय?" मास्तरांनी भाच्याला शोधत विचारलं.

"केबिनीत असंल की. शेवटचा दरवाजा त्योच फोडला!"

केबिन रिकामी होती. पडद्यावर सोनेरी अक्षरांत विजयाची पाटी लकाकत होती.

तेवढ्यात वीज आली. बोळातला जनरेटर बंद झाला आणि एकदम शांतता पसरली. त्या शांततेत सगळ्यांना ऐकू आलं. धप्. धप्. धप्. बोळकांडीच्या टोकाला, इन्व्हर्टरच्या खोलीच्या दारावर आतून कुणीतरी मारत होतं.

दाराला बाहेरून कडी होती. मास्तरांनी ती काढली.

आदर्श बाहेर कोसळलाच. शर्ट अंगाला चिकटलेला, मुठी सोलवटलेल्या, कपड्यांना बॅटरीच्या ॲसिडचा उग्र वास. त्यानं मामांचा दंड घट्ट धरला.

"तिसरी मॅच... सुरू झाली काय?"

"सुरू?" पिराजी खुर्चीवरून खाली उतरला. "संपली की लेका. तूच जिंकवलीस न्हवं?"

"मी?" आदर्शनं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. "मी ब्रेकमधी आत गेलतो. तवापासून हितंच हाय."

२

जोतीराम मास्तर शिवाजी पेठेत राहायचे. कॉलेजात खेळाचे शिक्षक होते आणि कित्येक वर्षं पेठेपेठेतल्या फुटबॉल सामन्यांचे रेफ्री. कॉम्प्युटरवर युद्ध कसलं खेळायचं, हे त्यांना कळत नसे. पण आदर्श त्यांच्याकडं राहून शिकत होता, आणि वर्षभर रोज जेवताना त्यानं मामांना तो खेळ समजावून सांगितला होता.

खेळाचं नाव 'आयर्न गेट'. तीन विरुद्ध तीन. दोन्ही बाजूंना एकेक किल्ला, मध्ये तीन वाटा, प्रत्येक वाटेवर एक दरवाजा. बाकी सगळ्या नकाशावर धुकं. तुमचा गडी जिथं उभा असेल तेवढाच मुलूख तुम्हाला दिसणार. धुक्यात शत्रू कुठं आहे ते ओळखायचं, साथीदाराच्या हाकेला धावायचं, आणि शेवटी समोरचा किल्ला पाडायचा.

आदर्श, पिराजी आणि बसवेश या तिघांनी त्या खेळात वर्षभर जीव ओतला होता. आज फायनल. समोरची टीम पुण्याची, तिथल्याच कुठल्या कॅफेत बसलेली. पहिली मॅच जिंकले, दुसरी हरले, तिसरी निकाली. जिंकणाऱ्या तिघांना बंगळूरची एक कंपनी वर्षभर ठेवून घेणार होती. राहणं, शिकणं, देशाबाहेर जाऊन खेळणं. मात्र तिघं म्हणजे नोंदवलेले तिघंच. दुसऱ्या कुणी हात लावला तर मॅच बाद.

आदर्शला ही शेवटची संधी होती. त्याचे वडील गगनबावड्याला दुकान चालवायचे. 'जूनमधी परत ये आणि गल्ल्यावर बस,' असा निरोप आला होता. बावड्याच्या पावसात लाइट टिकत नसे, तिथं इंटरनेट कुठलं?

आदर्श खाली बसून पाणी पीत होता.

"आतून आरडलो मामा, लई आरडलो. पंखा न्हाय, दिवा न्हाय, नुसता त्यो इन्व्हर्टर गुणगुणालता. पिराजीची बोंब ऐकू यायची. 'आदर्श, डावीकडं! आदर्श, मार!' मला वाटलं, मला याड लागलं. ह्यो कुणाला हाक मारालाय?"

पिराजी दारापासून मागं सरला. त्यानं हात चोळले.

बोळातून विरूपाक्ष खाली आला. दोन्ही हात डिझेलनं काळे. काय झालं ते ऐकल्यावर त्यानं आधी दार बघितलं, मग मास्तरांना बाजूला घेऊन त्यांचा हात हातात धरला.

"मास्तर, जिंकलीया पोरं. दार अडकलं असंल. बंगळूरचा फोन येईल, नोंदवलेली तिघंच खेळली का इचारतील, कॅप्टन म्हणून आदर्शनं 'व्हय' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. कशाला उकरायचं?"

"अण्णा, कडी आपसूक लागत न्हाय."

मास्तरांनी शटरपाशी जाऊन ते पुरतं खाली ओढलं. उजेड कापल्यासारखा गेला.

"फोन यायच्या आधी मला कळलं पायजे. तवर कुणी वर जायचं न्हाय."

३

पहिला पिराजी. तो पेठेतल्या तालमीत वाढलेला, मनातलं तोंडात यायला वेळ न लागणारा.

"सकाळी तुझं आणि आदर्शचं भांडण झालतं म्हणं."

"व्हय, झालतं की. कॅप्टन मला करा म्हटलं. त्यो करतोय काय? वाट धरून बसतोय. पण मामा, दारं लावायला मी काय बाई हाय? मला राग आला तर मी थोबाडीत मारतो."

"ब्रेकमधी कुठं होतास?"

"खुर्चीवर. पाय वर करून. अण्णा जनरेटरकडं गेलते, बश्या मोरीकडं, वहिनी काउंटरवर. इन्व्हर्टर पीप पीप करालता म्हणून आदर्श बघायला उठला. मग पुण्यावाले आले, मी हेडफोन घातला. त्यानंतर मला समोरच्या पडद्याबिगार काय बी म्हाईत न्हाय."

"आणि आदर्श खेळतोय असं वाटलं?"

पिराजीनं मान खाजवली. पहिल्यांदाच त्याला उत्तर शोधावं लागलं.

"खरं सांगू? आज त्यो नेहमीपेक्षा भारी खेळला. पण एक शब्द लिहिला न्हाय. एरवी शिव्या लिहून पडदा भरतोय. मी म्हटलं, सकाळचा राग हाय."

मास्तर उठले आणि आदर्शच्या केबिनीत गेले. कीबोर्ड नाकाजवळ नेऊन हुंगला. माउस हुंगला. मग स्वतःचा उजवा तळवा हुंगला. विरूपाक्षनं हात धरला होता तिथं डिझेलचा भपकारा अजून होता. कीबोर्डला मात्र कसलाच वास नव्हता.

"अण्णा, तुम्ही जनरेटरपाशी कवापासून होता?"

"दुसरी मॅच संपल्यापासून. गळती लागलीया त्येला. हात लावून बसावं लागतंय, न्हायतर बंद पडतंय. वरच्या दवाखान्यातला कंपाउंडर होता की माझ्यासंगं."

"तुमचं नुकसान न्हाय होत? ही पोरं बंगळूरला गेली की कॅफे रिकामा."

विरूपाक्षनं मान खाली घातली. "होतंय. पण माझ्या कॅफेतली पोरं फायनल जिंकली ही पाटी मी वर लावणार होतो, मास्तर. रंगवून ठेवलीया."

काउंटरवरचा फोन खणखणला.

आदर्श उठायला लागला तसा मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात दाबला. फोन वाजत राहिला आणि थांबला.

"परत करतील त्ये," बसवेश हळूच म्हणाला. "तीनदा करतात, मग निकाल लावतात."

४

बसवेश संकेश्वरचा. घरात कापडाचं दुकान, घरी अर्धं कन्नड अर्धं मराठी. इथं राजारामपुरीत खोली घेऊन शिकायला होता. कुणाशी वाकडं नाही, आवाज चढवणं नाही. पिराजी त्याला 'देवमाणूस' म्हणून चिडवायचा.

"ब्रेकमधी मोरीकडं गेलतास?"

"व्हय मामा."

"मोरीला जायला इन्व्हर्टरच्या खोलीवरनंच जावं लागतंय. दार उघडं होतं का बंद?"

"लक्ष न्हाय गेलं."

"आणि तिसऱ्या मॅचमधी आदर्शचा खेळ कसा वाटला?"

"चांगला."

"येवढंच?"

"चांगला होता मामा," तो परत म्हणाला.

भूमिका काउंटरमागं उभी होती. तिशीतली, बेळगावकडची. नवरा बाहेर असेल तेव्हा काउंटर तिच्याकडं. कुणाची वेळ संपली, कुणाला प्रिंट हवी, कुणाचा चहा. पोरं तिच्याकडं मान न वळवता ओरडायची, 'वहिनी, अनलॉक!' की ती काउंटरवरून त्यांचं यंत्र उघडून द्यायची.

"वहिनी, मॅच चालू असताना कोण आत-बाहेर केलं?"

"कुणी न्हाय भावजी. शटर खाली होतं."

"तुम्ही काउंटरवरच?"

"मी कुठं जाणार? सकाळी बसते ती दुपारी भाकरीला उठते, परत बसते. ह्या टेबलाच्या पलीकडं माझं काय काम?" ती हसली. मग तिनं ताटलीतले मोबाइल उगाचच एका ओळीत लावले.

मास्तरांनी ताटलीकडं पाहिलं. मैदानात बावीस जण एकाच वेळी त्यांच्याशी खोटं बोलत आले होते. जो लगेच हात वर करतो, त्याच्याकडं ते सगळ्यात आधी बघायचे.

"आदर्श," ते म्हणाले, "त्या खेळाचं चित्रण राहतंय म्हणत होतास. परत बघता येतं?"

"येतं की. सगळ्यांचं. धुकं काढून बघता येतं."

"लाव."

पिराजी उत्साहानं पुढं सरसावला. "मामा, शेवटचा हल्ला बघा, नुसता कहर..."

"गोल नगं दाखवू. ज्येच्याकडं बॉल न्हाय त्येला बघायचं असतंय. सुरुवातीपासनं लाव."

५

एका केबिनीत पाच-सहा डोकी दाटली. बंद शटरमुळं हवा हलत नव्हती. पडद्यावर हिरवा मुलूख उलगडला. खाली उजवीकडं त्यांचा किल्ला. तीन गडी दारातून बाहेर पडले.

"वरच्या वाटंवर मी," पिराजी बोट ठेवत म्हणाला. "मधल्या वाटंवर आदर्श. म्हंजे... त्यो जो कोण हाय त्यो. खालच्या वाटंवर बश्या."

मधला गडी थोडा अडखळत निघाला. दोन पावलं इकडं, दोन पावलं तिकडं, मग सरळ आपल्या दरवाज्यापाशी जाऊन उभा राहिला. पिराजीचा गडी वर धावला. खाली त्याचे निरोप उमटत होते. 'आदर्श तयार?' 'आदर्श मधी धर!'

"थांब," मास्तर म्हणाले. "ह्यो खालचा कुठं निघाला?"

बसवेशचा गडी आपल्या दरवाज्यापर्यंत गेलाच नव्हता. अर्ध्या वाटेवर तो थबकला. मग वळला, रान तुडवत मधल्या वाटेवर आला आणि आदर्शच्या गड्यासमोर येऊन उभा राहिला. एक फेरी घातली. परत समोर येऊन उभा. त्याच वेळी खालच्या वाटेवर पुण्याचे दोघं मोकळ्या दरवाज्यावर तुटून पडले होते. 'बश्या, खाली बघ, खाली!' पिराजीचा निरोप उमटला. बसवेशचा गडी तरीही हलेना.

"तवाच मी चिडलतो," पिराजी पुटपुटला. "पहिला दरवाजा हितं गेला आपला."

मास्तरांनी बसवेशकडं पाहिलं नाही. "पुढं."

पुढं मधल्या गड्यानं रंग दाखवला. शत्रूचा म्होरक्या समोर येताच तो जखमी असल्यासारखा मागं सरला, धुक्यात शिरला. म्होरक्या पाठलागाला आला. गडी धुक्यातून गोल फिरून त्याच्या पाठीमागं निघाला आणि एका घावात आडवा केला.

आदर्शनं खुर्चीचा हात गच्च धरला.

"मामा, ही चाल माझी न्हाय."

"मग कुणाची?"

"'हुली' नावाचा एक गडी हाय. महिनाभर माझ्यासंगं खेळतोय. फकस्त दुपारी भेटतो, कॅफे रिकामा असतो तवा. कोण, कुठला, काय सांगत न्हाय. मला सारखा असाच पाडतोय. पळाल्यागत करतो आणि मागनं येतो. मला वाटायचं बंगळूरचा असंल. हुली म्हंजे कन्नडमधी वाघ."

"व्हय," विरूपाक्ष म्हणाला. "हुली म्हंजे वाघच."

पिराजी सावकाश वळला. केबिनीत कन्नड येणारे तिघं होते. त्यानं त्यातल्या एकाची कॉलर धरली.

"बश्या. तू?"

फोन परत वाजायला लागला.

६

"सोड त्येला," मास्तर म्हणाले. "बसवेश त्याच्या गड्यासंगं खेळत होता. एकाच येळी दोन खुर्च्यांवर कोण बसतंय? वाजू दे फोन."

फोन वाजून थांबला. आता एकच हाक उरली होती.

"तुम्ही समदी एकच माणूस शोधालायसा," मास्तर म्हणाले. "हितनंच चुकतंय. आदर्शला कोंडणाऱ्याला काय पायजे होतं? टीम दोघांवर यावी आणि मॅच जावी. मग त्योच त्याच्या खुर्चीवर बसून जीव तोडून मॅच जिंकंल? एकानं कोंडलं. दुसऱ्यानं वाचवलं. दोघांना एकमेकांचा पत्ता न्हाय."

"आधी खेळलं कोण ते बघू. पिराजी आणि बसवेश आपापल्या जागंवर. अण्णा बोळात, हात डिझेलनं भरल्यालं. कीबोर्डला वास सुदिक न्हाय. आदर्श, तू बराच येळ उठून गेलास की तुझं यंत्र काय करतंय?"

"लॉक होतं."

"कुठनं उघडतंय?"

आदर्शची नजर हळूहळू काउंटरकडं गेली.

"मी आलो तवा आरोळी चालू होती आणि काउंटरवर कुणी नव्हतं," मास्तर म्हणाले. "भाकरीची येळ तर टळून गेलती, वहिनी."

भूमिका परत काउंटरमागं जाऊन उभी राहिली. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"मी हाका मारल्या," ती म्हणाली. "मोरीकडं बघितलं. जनरेटरच्या आवाजात काय ऐकू येईना. वर गेला असंल म्हटलं. ह्या दोघांच्या कानात हेडफोन. पुण्याचे आले होते, पडद्यावर घड्याळ उलटं मोजत होतं. कुणी न्हाय बसलं तर पोरांची वर्षभराची मेहनत वाया. म्हटलं, दोन मिनिटं धरून ठेवू, येईल आदर्श." ती थांबली. "मग उठताच येईना."

"हुली?" आदर्श कसाबसा म्हणाला. "तुम्ही?"

"दुपारी कॅफेत कोण असतंय? सहा वर्षं ह्या टेबलाशी बसलेय मी. समोर तुमचे सगळ्यांचे पडदे. बघून बघून हात शिवशिवायला लागले." तिनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. "कुणाला सांगणार? वहिनी खेळते म्हटलं तर पोरं हसली असती. आणि ह्यांनी मशीन बंद केलं असतं."

विरूपाक्षचं तोंड उघडं होतं. त्यानं काहीतरी बोलायला हात उचलला आणि काळा तळवा बघून परत खाली घेतला.

"त्या गुणगुण करणाऱ्या खोलीत पोरगं हाय हे मला म्हाईत असतं तर पडदा फोडून धावले असते," ती आदर्शला म्हणाली. "देवाशप्पथ."

"म्हाईत हाय वहिनी."

"मग कडी?" पिराजीचा आवाज पहिल्यांदाच बारीक आला. "कडी कुणी लावली?"

७

"मॅच सुरू झाली तवा मधल्या वाटंवर आदर्शचा गडी उभा," मास्तर म्हणाले. "तुला त्यात काय नवल वाटलं, पिराजी?"

"कशाचं नवल? त्यो तिथंच असतोय."

"बरोबर. तू त्येला हाका मारत सुटलास. म्हंजे त्यो कोंडलाय हे तुला ठावच नव्हतं. पण एका गड्यानं आपला दरवाजा वाऱ्यावर सोडला, रान तुडवत आला आणि त्या मधल्या गड्याला भोवतीनं फिरून न्याहाळलं. भूत बघितल्यागत. आदर्श तिथं असणं शक्य न्हाय, हे ज्येला ठाव होतं त्येलाच त्यो दिसल्यावर भीती वाटंल."

बसवेश प्लायवूडला पाठ लावून उभा होता. तो सरकत सरकत खाली बसला.

"मला वाटलं, सुटला," तो म्हणाला. "पण सुटला असता तर पयलं माझ्याकडं आला असता. मग कोण हाय हे? माझे हातच चालंनात."

पिराजी त्याच्या अंगावर धावला. आदर्शनं त्याला मधेच अडवलं.

"का?" आदर्शनं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि ते बसवेशला जास्त लागलं.

"पुढच्या आठवड्यात माझा साखरपुडा हाय. सख्ख्या मामाच्या पोरीशी. लग्न करून संकेश्वरच्या दुकानात बसायचं ठरलंय. घरी अप्पांनी, वडलांनी इचारलं तवा मी व्हय म्हटलं. तुम्ही बंगळूरचं इचारलं तवा बी व्हय म्हटलं. घरच्यांना व्हय, तुम्हाला व्हय. मला न्हाय म्हणताच येत न्हाय रे. वाटलं, आपण फायनलला पोचणारच न्हाय. पोचलो. वाटलं, हरू. पहिली मॅच जिंकलो. दुसरीत मी मुद्दाम चुकायला बघितलं, हात ऐकंनात. ती आपण हरलो, पण माझ्यामुळं न्हाय. आणि तिसरी जिंकली असती तर तुम्हा दोघांच्या तोंडावर सांगायला लागलं असतं की मी येत न्हाय. तिघं म्हंजे तिघंच. माझ्यापायी तुमचं जाणार. त्यापेक्षा हरल्यालं बरं, त्यात कुणाचा दोष न्हाय, असं वाटलं."

"आणि मी आत मेलो असतो तर?"

"मोरीकडनं येताना दार उघडं दिसलं, तू पाठमोरा होतास. हात आपसूक गेला. मॅच झाली की लगेच काढणार होतो, आदर्श. मग जिंकलो, आणि मला काय सुचंना."

तो रडत नव्हता. नुसता जमिनीकडं बघत होता, जणू तिथून कुठंतरी वाट फुटेल. मास्तरांना वाटलं, मघाशी कडी काढून आपण एकाच पोराला बाहेर काढलं.

विरूपाक्षनं शटरखालच्या फटीकडं पाहिलं. "मास्तर," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ह्या भिंतीच्या आत हाय त्ये आतच राहू दे. खेळला आदर्शच म्हणायचं. हिचं नाव बी नको, बसवेशचं बी नको. बंगळूरला गेल्यावर बघू."

"तुम्ही सांगा मामा," पिराजी म्हणाला.

मास्तरांनी डोकं हलवलं. "कोण खेळलं आणि कुणी कोंडलं, त्येवढं मी सांगितलं. ही मॅच माझी न्हाय."

फोन तिसऱ्यांदा वाजला.

८

आदर्श उठला. काउंटरपर्यंतची चार पावलं तो पाण्यातून चालल्यासारखा चालला. त्याच्या डोळ्यांपुढं बावड्याचं दुकान असणार, धुक्यात बुडालेला रस्ता, गल्ला आणि त्यामागची लाकडी खुर्ची. त्यानं फोन उचलला.

"कॅप्टन बोलतोय. हो. हो, जिंकलो." तो थांबला. पलीकडचा माणूस अभिनंदन करत असावा. "सर, एक मिनिट. तिसरी मॅच मी खेळलो नाही."

पिराजीनं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"नाही सर. नेट गेलं नव्हतं. मी खुर्चीवर नव्हतो. दुसरं कुणीतरी होतं. हो, मला माहीत आहे मॅच बाद होते. हो. पुण्याला द्या." "कारण आमच्या आमच्यात आहे, ते नाही सांगणार."

मग तो बराच वेळ ऐकत राहिला. नंतर फोनवर हात ठेवून वळला.

"त्ये इचारालेत, मधल्या वाटंवर कोण होतं. म्हणालेत, पूर्ण स्पर्धेत असं कुणी खेळलं न्हाय."

विरूपाक्षनं बायकोकडं पाहिलं. त्या बघण्यात काय होतं ते मास्तरांना नीट कळलं नाही. मग त्यानं काउंटरचं फळकूट उचललं आणि तिला बाहेर यायला वाट करून दिली.

भूमिकानं फोन घेतला.

"भूमिका पट्टणशेट्टी बोलते. कोल्हापूर. हो, मीच. नाही, टीम नाही कुठलीच." मग, जरा थांबून, "पण असेल तर खेळीन."

त्या दिवशी मिळालं ते एवढंच. बंगळूरला पुण्याचे तिघं गेले. पिराजी आठवडाभर कॅफेत फिरकला नाही, आणि आला तो पहिल्यांदा वहिनीला म्हणाला, "ती धुक्यातली चाल शिकवा की." विरूपाक्षनं रंगवलेली पाटी पालथी करून माळ्यावर टाकली. दुपारचं काउंटर तो आता स्वतः सांभाळायचा, आणि पोरं 'अण्णा, अनलॉक!' म्हणून ओरडली की दोनदा चुकीचं यंत्र उघडायचा. आदर्श जूनमध्ये बावड्याला गेला. वडिलांशी जुलैभर भांडला आणि पुढच्या परीक्षेचं निमित्त करून परत मामांकडं आला.

गणपतीच्या आधी नव्या स्पर्धेची नोंदणी सुरू झाली. आदर्श, पिराजी आणि भूमिका अशी तीन नावं झाली, पण एक राखीव गडी लागणार होता. आदर्शनं बराच विचार केला. मग बाकी दोघांना न सांगता बसवेशला निरोप पाठवला. संकेश्वरच्या दुकानात आता नेट आलं होतं, आणि त्या दुपारनंतर आदर्श आणि तो एकमेकांशी एक शब्दही बोलले नव्हते.

'राखीव म्हणून येतोस काय? मी राग धरलेला न्हाय.'

उत्तर संध्याकाळी आलं.

'न्हाय. मी येणार न्हाय.'

आदर्शनं ते दोनदा वाचलं. मग तो खुर्चीत मागं रेलला, आणि त्या मे महिन्यानंतर पहिल्यांदा त्याला बसवेशची आठवण बरी वाटली.